एक जानेवारी, रात्रीचे बारा

मेव्हण्यानं मस्कतहून आणला.
साबणाच्या चार वड्या एकावर एक रचाव्या, एवढा जाड.
रोल लागत नाही, असं सांगितलं
तर सासूबाई म्हणाल्या, मग फोटो राहतात कुठं?
मला उत्तर आलं नाही. अजून नीट येत नाही.

मी विम्याचा सर्व्हेअर.
वाडीपासून पुढे अमरावती रोडवर
उलटलेले ट्रक मोजायचे, हा धंदा.
कार्डात जागा सोळा फोटोंची.
बर्डीवर घेतलेले चार पेन्सिल सेल
कसेबसे वाडी नाक्यापर्यंत पुरायचे,
मे महिन्यात तेवढेही नाही.
लाल डबी लुकलुकायची, आणि लेन्स
अर्धी बाहेर, अर्धी आत,
दार लावावं की नाही अशा विचारात अडकून पडायची.

गावात आणखी दोघांकडे हाच होता.
धंतोलीतले दातांचे डॉक्टर पिंपळापुरे:
त्यांच्या पेशंटचे दात पडद्यावर निळसर यायचे,
लोक घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे.
आणि इतवारीतला भांडेवाला तितरमारे.
चौथ्यांदा सेल बदलताना तो म्हणाला,
याच्यापेक्षा म्हैस बरी बाप्पा,
खाते, पण दूध तरी देते.
आम्ही तिघं एकच चार्जर फिरवायचो,
मंगळवार माझा.

आणि बटण दाबलं की तो विचार करायचा.
एक.
दोन.
मग खट्.
पिवळी मारबत अगदी समोर आली तेव्हा मी दाबलं,
फोटोत आली तिची पाठ,
तीही अर्धी. बाकी फुगेवाला.
उलटलेला ट्रक थांबतो, म्हणून धंदा चालला.
माणसं थांबत नाहीत.
हसा म्हटलं की हसायची,
हसणं आटोपलं की फोटो निघायचा.
त्यामुळे माझ्याकडे कुणाचंच हसू नाही.
हसून झाल्यावरचे चेहरे आहेत:
ओठ अजून जागेवर, डोळे कामाला लागलेले.
सासूबाईंना गॅस आठवतोय.
मेव्हणा परतीचं तिकीट चाचपतोय.

मंदाचा एक आहे, तलावाच्या काठावरचा.
"झालं?" विचारताना तोंड "झा"वर उघडं,
पदर वाऱ्यानं कानामागे,
आणि नजर माझ्याकडे नाही, कुठेच नाही.
चौदा वर्षं संसार केला,
मी बघेपर्यंत तिचा चेहरा तयार झालेला असायचा.
हा तयार नव्हता.
हिच्याशी माझी ओळख करून द्यायची राहूनच गेली होती.

पुसून टाक, ती म्हणाली. मी भूत दिसते.
पुसला, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कोंढाळीला कार्ड भरलं.
सोळा. त्यात एक तिचा.
मी एका ट्रकचा चेसिस नंबर पुसला.
घरी आल्यावर कळलं, तोच लागणार होता.
पुन्हा गेलो, पन्नास किलोमीटर, दुपारच्या उन्हात,
डोक्याला ओला दुपट्टा.
ट्रकमालक भिवापूरकर विचारून राहिला, काहून साहेब, परत?
सेल संपले होते, म्हणालो.
घरीही तेच सांगितलं.
हे खोटं त्या वर्षी कुणालाही पटायचं.

सेल काढले की तो तारीख विसरायचा,
आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचा.
त्यामुळे संगणकावर सगळं एकाच मिनिटात घडलंय:
मारबत, निळे दात, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन,
एकवीस ट्रक, एक टँकर, मंदा.
एक जानेवारी, रात्रीचे बारा.
भांडणाआधीचा कुठला, नंतरचा कुठला, सांगता येत नाही.

परवा तिला दाखवला.
रागावली नाही. चष्मा पुसला,
म्हणाली, हा फुटाळा नव्हेच. अंबाझरी आहे.
मी म्हटलं, फुटाळा.
मग दोघं मिळून फोटो मोठा करत गेलो,
काठ सापडेना, झाड सापडेना,
पाण्याचे नुसते चौकोन झाले,
करडे, हिरवट, एक जवळजवळ पांढरा.
तो पांढरा काय आहे, यावर अजून वाद चालू आहे.